सीओसीपर्यंतची वाट आणि तिथून पुढे

जहाजावर सगळे ज्याला ‘तिकीट’ म्हणतात ते सीओसी, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, परीक्षा पास झालं की मिळतं असा बाहेरच्यांचा समज असतो. परीक्षा त्यात आहेच, पण वाट बरीच लांबची आहे. आधी वैद्यकीय तपासणी, मग जिवावर बेतल्यावर काय करायचं ते शिकवणारे कोर्स, मग समुद्रावरची नोकरी आणि तिचे पुरावे, मग परीक्षा, मग सरकारची मोहर. परक्या झेंड्याच्या जहाजावर चढायचं असेल तर त्या देशाची मान्यता आणखी वेगळी. या वाटेवर कितीतरी अर्ज सरकताना आणि अडताना आम्ही पाहिले आहेत. विषय येत नाही म्हणून अडलेले त्यात थोडेच. बाकीचे तारखांपायी अडतात: एका कागदाची मुदत दुसऱ्याच्या आधी संपते, किंवा दोन कागद एकाच दिवसाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

सगळ्या नियमांचं मूळ एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारात आहे; दर्यावर्दींचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं कशी असावीत ते तो ठरवतो. 1978 साली लंडनमध्ये आयएमओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेच्या, परिषदेत तो झाला आणि 28 एप्रिल 1984 पासून लागू झाला. पहिल्या करारात एक मोठी पळवाट राहिली होती. कौशल्य नेमकं किती हवं, या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी ‘प्रशासनाचं समाधान होईल इतकं’ एवढंच उत्तर होतं. प्रशासन म्हणजे ज्याचा झेंडा त्या देशाचं सरकार. कुणाचं समाधान चटकन व्हायचं, कुणाचं होता होत नसे. 1995 च्या दुरुस्त्यांनी ही मोकळीक काढून घेतली आणि कराराला संहिता जोडली: भाग अ बंधनकारक, भाग ब मार्गदर्शक. नंतर 25 जून 2010 रोजी मनिलात मोठी फेररचना मंजूर झाली, ती 1 जानेवारी 2012 पासून लागू झाली, आणि जुन्यातून नव्यात यायला 1 जानेवारी 2017 पर्यंत मुदत मिळाली. (जागतिक दर्यावर्दी दिन 25 जूनला का असतो, हे विचारलं की निम्मे दर्यावर्दीच गडबडतात.)

भाग अ मधल्या तक्त्यांना चार रकाने आहेत. पहिल्यात काय करता यायला हवं, दुसऱ्यात त्यासाठी काय माहीत हवं, तिसऱ्यात ते कसं दाखवायचं, चौथ्यात ते जमलं हे कशावरून ठरवायचं. उमेदवार दुसरा रकाना घोकतात, कारण तो अभ्यासक्रमासारखा दिसतो. परीक्षक मात्र चौथा डोळ्यांसमोर ठेवून बसलेला असतो. जहाजाची जागा काढण्याचंच घ्या. जीपीएस कसं चालतं ते दुसऱ्या रकान्यात आहे. चौथा विचारतो, की मुख्य साधनाने काढलेली जागा योग्य अंतराने दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने पडताळली का. म्हणजे किनारा दिसत असताना बेअरिंग (खुणेची दिशा) घेतलं का, रडारचं अंतर मोजलं का. जीपीएसच्या उपग्रहांवर दहा मिनिटं बोललेला उमेदवार या एका प्रश्नावर अडकतो.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवायला हवा. ‘आयएमओचं सर्टिफिकेट’ असं काही नसतं. आयएमओ किमान मर्यादा ठरवते. शिकवणं, तपासणं, देणं आणि काढून घेणं हे सगळं त्या त्या सरकारचं. एखादं सरकार त्याहून कडक नियम लावू शकतं, सैल लावू शकत नाही.

मेडिकल

सुरुवात मेडिकलने करावी. फी भरून सगळे कोर्स उरकल्यावर रंगांधळेपण निघालं, अशी उदाहरणं दुर्मीळ नाहीत. डेकच्या, म्हणजे जहाज हाकणाऱ्या विभागाच्या, माणसाला चष्म्यासह प्रत्येक डोळ्याने किमान 0.5 दिसायला हवं (1.0 म्हणजे पूर्ण दृष्टी). इंजिनच्या माणसाला दोन्ही डोळे मिळून 0.4 चालतं. रंगदृष्टीची अट डेकला जास्त कडक आहे. कारण उघड आहे: रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतो की हिरवा, त्यावर कुणी कुणाला वाट द्यायची हे ठरतं. चष्मा लागत असेल तर दुसरा जोड जहाजावर हाताशी असावा, हे मार्गदर्शक भागात लिहिलेलं आहे. पहिला चष्मा इंजिन रूमच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या घाण पाण्यात, पडेपर्यंत ते कुणी मनावर घेत नाही.

प्रमाणपत्राची कमाल मुदत 2 वर्षं, वय 18 च्या आत असेल तर 1 वर्ष; रंगदृष्टीची तपासणी 6 वर्षांपर्यंत चालते. मधल्या प्रवासात मुदत संपली तर मान्य डॉक्टर मिळेल अशा पुढच्या बंदरापर्यंत, पण 3 महिन्यांहून जास्त नाही, ती ग्राह्य राहते. या सवलतीचा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. ती चालू प्रवासात मुदत संपलेल्यासाठी आहे. मेडिकल संपलेलं असताना साइन ऑन करायला, म्हणजे जहाजावर रुजू व्हायला, तिचा उपयोग नाही. नऊ महिन्यांचा करार आणि सात महिने उरलेलं मेडिकल अशी जोडी दिसली, तर जायच्या आधीच नवं काढावं.

चार मूलभूत कोर्स

पाण्यात जीव वाचवणं, आग रोखणं आणि विझवणं, प्राथमिक उपचार, आणि वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी, असे हे चार. सुरक्षा-जाणिवेचा कोर्स याहून वेगळा. चौथा कोर्स वर्गात बसून ऐकण्याचा म्हणून त्याकडे दुर्लक्ष व्हायचं. 1 जानेवारी 2026 पासून त्यात छळ, दमदाटी, लैंगिक छळ आणि हल्ला कसा रोखायचा आणि घडल्यास काय करायचं, हा भाग बंधनकारक झाला आहे.

खरी कसोटी पहिल्या दोन कोर्सांत लागते. पाण्याच्या कोर्समध्ये लाइफ जॅकेट घालून उंचावरून उडी मारणं, इमर्शन सूट (थंड पाण्यात ऊब राखणारा पोशाख) चढवणं, जॅकेटशिवाय तरंगत राहणं हे सगळं असतं, पण सर्वांत जास्त लोक चुकतात ते उलटा पडलेला लाइफराफ्ट सुलटा करताना. राफ्ट आधी असा फिरवून घ्यायचा, की गॅसच्या सिलिंडरची बाजू वारा जातो त्या दिशेला येईल. मग सिलिंडरवर पाय रोवून, तळावरून आडवा गेलेला पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि गुडघे ताठ करत पाठीमागे झुकायचं. समोरची कड उचलली, की वारा तिच्याखाली शिरतो आणि उरलेलं काम तोच करतो. सिलिंडर उलट्या बाजूला राहिला तर वारा तीच कड खाली दाबतो; मग चौघं लोंबकळली तरी राफ्ट हलत नाही. तो सुलटा होतो तेव्हा बहुधा अंगावरच येतो. इथे माणूस घाबरून पोटावर वळतो आणि बुडी मारायला बघतो. जॅकेट बुडी मारू देत नाही, उलट माणसाला राफ्टच्या तळाला चिकटवून ठेवतं. पाठीवर राहायचं, तोंड वर ठेवायचं, हात तळावर टेकवत कडेकडे सरकत बाहेर यायचं. तळ मऊ असतो, हाताने वर ढकलला की श्वासापुरती जागा होते.

आगीच्या कोर्समध्ये तीच गत फेसाच्या खोलीची. छतापर्यंत हाय एक्स्पान्शन फोमने भरलेल्या खोलीतून, श्वसन उपकरणाशिवाय, नुसत्या लाइफलाइनच्या आधाराने पार व्हायचं असतं. फेसात हवा असते, त्यामुळे गुदमरत नाही. पण दिसणं बंद होतं, ऐकू येणं जवळपास बंद होतं, आणि तोंडासमोरचा फेस हाताने सतत मोडत राहावा लागतो. भिंत चाचपायची ती हाताच्या पालथ्या बाजूने. तळवा उघड्या वायरवर पडला आणि धक्का बसला, तर बोटं आवळली जाऊन हात तिथेच अडकतो.

दर 5 वर्षांनी या दोन कोर्सांतली तयारी टिकून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. संहितेने इथे बारीक फोड केली आहे. लाइफ जॅकेट घालणं, जहाजावरून बचावनौकेत चढणं, सी-अँकर (नौका वाहून जाऊ न देणारी पाण्यातली पिशवी) सोडणं, श्वसन उपकरण वापरणं हे जहाजावरच्या सरावात झालेलं धरलं जाऊ शकतं. उंचावरून उडी, राफ्ट सुलटा करणं, जॅकेट घालून पोहणं, मोठी आग विझवणं हे जहाजावर करताच येत नाही, ते किनाऱ्यावरच. म्हणून रिफ्रेशर लहान असला तरी ओलं व्हावंच लागतं. नुसत्या स्लाइड्स दाखवून कुणी रिफ्रेशर देत असेल, तर तो कागद पुढे कुठल्या तरी तपासणीत गळ्याशी येतो.

समुद्रावरचे महिने

500 टनेज (जहाजाच्या आकाराचं माप) आणि त्यावरच्या जहाजावर वॉच, म्हणजे पाळीची जबाबदारी, घेणाऱ्या डेक अधिकाऱ्यासाठी वय किमान 18, आणि समुद्रसेवेचे दोन मार्ग: मान्य प्रशिक्षण कार्यक्रमातून गेलं आणि रेकॉर्ड बुक भरलं तर 12 महिने, नाही तर 36 महिने. दोन्ही मार्गांत किमान 6 महिने ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षात, देखरेखीखाली वॉच केलेला हवा. इंजिनकडे वर्कशॉप आणि समुद्रसेवा मिळून 12 महिने, किंवा 36, ज्यातले 30 इंजिन विभागात. त्यातही 6 महिने इंजिन रूमचा वॉच. पुढच्या पायऱ्या अनुभवाच्या: 3000 टनेजच्या वरच्या जहाजावर चीफ मेट (कप्तानाखालोखालचा डेक अधिकारी) व्हायला अधिकारी म्हणून 12 महिने, कप्तान व्हायला 36; त्यातले 12 महिने चीफ मेट म्हणून केले असतील तर 24 वर भागतं.

आकडे साधे आहेत, गोंधळ पुराव्यात होतो. सेवेच्या पत्रात जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक, टनेज, इंजिनची किलोवॉट क्षमता, हुद्दा, साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा आणि वॉच किती काळ केला हे स्वतंत्र वाक्य, एवढं असायलाच हवं. ‘वर्तणूक समाधानकारक’ लिहून कप्तान सही करतो आणि वॉचचं वाक्य राहून जातं. तेवढ्यासाठी सहा महिने मोजले जात नाहीत, आणि तोवर तो कप्तान दुसऱ्याच महासागरात असतो. उतरायच्या आदल्या दिवशी, गँगवेवर बॅग ठेवण्याआधी, पत्र ओळ न् ओळ वाचून घ्यावं. पत्रातल्या आणि नाविक पुस्तिकेतल्या तारखा एका दिवसानेही वेगळ्या नसाव्यात. साइन ऑफ बंदरात मध्यरात्रीच्या आसपास झालं, की ही चूक हटकून होते. जहाज महिनोन्‌महिने अडकून उभं होतं तो काळ समुद्रसेवेत धरायचा की नाही हे प्रशासन ठरवतं, तेव्हा आधी विचारून घेतलेलं बरं.

रेकॉर्ड बुक हा या वाटेवरचा सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत बोलका दस्तऐवज. प्रत्येक पानावर काम, ते कुठल्या दिवशी केलं, आणि ज्याच्यासमोर केलं त्या अधिकाऱ्याची सही. खरं पुस्तक बघितल्याबरोबर ओळखू येतं: शाया वेगवेगळ्या, सह्या वेगवेगळ्या, काही पानांवर ग्रीसचे डाग, एखादं काम दोनदा केलेलं कारण पहिल्यांदा जमलं नाही. शेवटच्या आठवड्यात भरलेल्या पुस्तकात चाळीस कामं एकाच तारखेला, एकाच पेनाने झालेली असतात. परीक्षक मग लॉगची, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीची, नक्कल मागतो. सेक्स्टंटने पहाटेचे तारे घेतल्याची तारीख आणि त्या पहाटे जहाज धक्क्याला बांधलेलं. नांगर टाकल्याची तारीख आणि त्या दिवशी जहाज भर महासागरात. असं एक पान सापडलं, की बाकीची तीनशे खरी असली तरी तोंडी परीक्षेचा सूर बदलतो. दर रविवारी तासभर पुस्तक घेऊन बसणं आणि महिन्यातून एकदा प्रशिक्षण अधिकाऱ्याची सही घेणं, याला पर्याय नाही.

परीक्षा आणि हाती येणारा कागद

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. लेखी आणि तोंडीची पद्धत देशागणिक वेगळी आहे. सीओसीसाठी डेकवाल्याला जीएमडीएसएसचं, म्हणजे संकटाच्या वेळच्या सागरी संपर्क व्यवस्थेचं, रेडिओ प्रमाणपत्र लागतं, हे मात्र सगळीकडे सारखं. एक्डिसचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या यंत्राचं, थोडं वेगळं. कोर्स केला नसेल तर सीओसी मिळते, पण तिच्यावर एक्डिस असलेल्या जहाजावर चालणार नाही अशी मर्यादा लिहिली जाते. कोर्स केला तरी ज्या बनावटीचं यंत्र समोर येणार, त्याची ओळख करून घेणं बाकी राहतं, आणि ती करून देणं कंपनीचं काम आहे.

सीओसी हातात आली, की लोक फोटो काढून पाठवतात. त्याआधी ‘मर्यादा’ हा रकाना वाचावा. हुद्दा, पातळी (व्यवस्थापन, कार्यकारी की सहायक), टनेज किंवा किलोवॉटची सीमा, मुदत आणि नावाचं स्पेलिंग. पासपोर्टवर आडनाव एका प्रकारे आणि सीओसीवर दुसऱ्या प्रकारे असेल तर विमानतळावर नाही, पण बंदरातल्या तपासणीत नक्की अडतं. मूळ प्रत जहाजावर हवी, झेरॉक्स चालत नाही. 1 जानेवारी 2025 पासून इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रांना करारातच जागा मिळाली आहे. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला सीओसीचा फोटो म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र नव्हे; ते सरकारने त्याच रूपात दिलेलं आणि पडताळता येणारं असावं लागतं.

परका झेंडा

सीओसी एका देशाची आणि जहाज दुसऱ्याच्या झेंड्याचं, ही रोजची गोष्ट. अशा वेळी जहाजाच्या देशाची मान्यता, म्हणजे एन्डॉर्समेंट लागते. ती येईपर्यंत अर्ज केल्याच्या पुराव्यावर जास्तीत जास्त 3 महिने काम करता येतं. पुरावा जहाजावर असायला हवा, कार्यालयातल्या ईमेलमध्ये नव्हे. हे 3 महिने बऱ्याचदा लांबच्या प्रवासाच्या मधोमध संपतात, कारण क्रूइंग कार्यालय (कंपनीचं भरती कार्यालय) अर्ज करतं आणि विसरतं. दोन महिने झाले की कप्तानाने स्वतः विचारणा सुरू करावी. मूळ सीओसी संपली, की एन्डॉर्समेंटही त्याच क्षणी संपते, तिच्यावर पुढची तारीख छापलेली असली तरी. कप्तान, चीफ मेट, चीफ आणि सेकंड इंजिनिअर यांना त्या देशाच्या सागरी कायद्याची माहितीही दाखवावी लागते.

मान्यता देणारं सरकार दुसऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. प्रत्येक देशाला आपल्या प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र व्यवस्थेचं निदान दर 5 वर्षांनी स्वतंत्र मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्याचा अहवाल आयएमओला द्यावा लागतो. युरोपीय संघ तर स्वतःची माणसं पाठवून तपासतो. फिलिपिन्सच्या व्यवस्थेत त्यांनी 2006 पासून तपासण्या केल्या आणि त्रुटी काढल्या; मान्यता जाणार अशी टांगती तलवार कित्येक वर्षं राहिली, आणि 31 मार्च 2023 रोजी युरोपीय आयोगाने ती चालू ठेवत असल्याचं जाहीर केलं. तो काळ तिथल्या अधिकाऱ्यांना कसा गेला असेल याची कल्पना करता येते: स्वतःचे कागद चोख, आणि तरी पुढची नोकरी दुसऱ्यांच्या अहवालावर लटकलेली.

बंदरातली तपासणी

पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे बंदराच्या देशाच्या सरकारी तपासणीचा, अधिकारी चढतो तेव्हा आधी सेफ मॅनिंगचा (जहाजावर किमान कोण कोण हवं याचा) कागद काढतो आणि त्यातला प्रत्येक हुद्दा माणसाशी आणि माणूस सीओसीशी जुळवतो. सगळं जुळलं तर तो तिथेच थांबतो. जहाज कुठे आदळलेलं, गाळात रुतलेलं असेल किंवा चालवण्यात धोका दिसला असेल, तर प्रत्यक्ष काम करून दाखवायलाही सांगू शकतो.

मग येतात विश्रांतीचे तक्ते. कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत 77 तास विश्रांती. दिवसाची विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान 6 तासांचा, आणि दोन विश्रांतींमध्ये 14 तासांहून जास्त अंतर नको. तक्त्यात हे दरमहा नीट बसलेलं असतं. अधिकारी डेक लॉग उघडतो: पहाटे 2 ते 5 मूरिंग स्टेशन, म्हणजे जहाज बांधण्याच्या कामावर सेकंड मेट. तक्त्यात तोच सेकंड मेट रात्री 12 ते 6 झोपलेला. कामाचे तास जास्त झाल्याचा शेरा परवडतो, कारण त्याचं कारण सांगता येतं. खोट्या नोंदीचा शेरा मिळाला, की त्या जहाजाचा एकही कागद कुणी विश्वासाने वाचत नाही.

पाच वर्षांनी पुन्हा

रिव्हॅलिडेशनसाठी, म्हणजे सीओसीच्या नूतनीकरणासाठी, मागच्या 5 वर्षांत मिळून 12 महिने, किंवा अर्जाच्या लगेच आधीच्या 6 महिन्यांत 3 महिने समुद्रसेवा लागते. तेवढी नसेल तर मान्य परीक्षा, मान्य कोर्स, किंवा जादा अधिकारी वा खालच्या हुद्द्यावर 3 महिने काढणं, असे मार्ग आहेत. सर्वेक्षण, प्रशिक्षण यांसारखी किनाऱ्यावरची नोकरी समकक्ष धरायची की नाही हे प्रशासन ठरवतं, तेव्हा नोकरी घेतानाच विचारून लेखी उत्तर ठेवावं. घरी लांबची सुट्टी घेतलेल्यांचं गणित साडेचार वर्षांनी बिघडतं: 10 महिने जमलेले, मुदतीला सहा महिने, आणि जहाज मिळायलाच पाच.

टँकरवाल्यांची सीओसी शाबूत राहून दुसरंच काहीतरी संपतं. टँकरचं प्रमाणपत्र वेगळं आणि त्याचं घड्याळही वेगळं. ते चालू ठेवायला 5 वर्षांत किमान 3 महिने टँकरवरच, त्या कामावर, काढलेले हवेत, नाही तर कोर्स पुन्हा. चार-पाच वर्षं बल्क कॅरिअरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) रमलेला चीफ मेट सीओसीचं नूतनीकरण झटक्यात करून घेतो, टँकरची नोकरी स्वीकारतो, आणि साइन ऑनच्या आठवडाभर आधी त्याच्या लक्षात येतं. टँकरचं अॅडव्हान्स्ड (वरच्या पायरीचं) प्रमाणपत्र नव्याने घ्यायचं असेल, तर टँकरवर 3 महिने, किंवा जादा माणूस म्हणून किमान एक महिना आणि त्यात 3 लोडिंग व 3 डिस्चार्ज हवेत. पत्रात ही सहाही ऑपरेशन्स बंदर, माल आणि तारखेसह वेगवेगळी लिहून घ्यावीत. ‘अनेक वेळा लोडिंग-डिस्चार्ज केलं’ असं लिहिलेलं पत्र परत येतं.